नाव न सापडलेला सिनेमा

रविवार, ३ मार्च

गेले! शेवटी गेले एकदाची. आधीचे तीन रविवार नुसती जिन्यापर्यंत जाऊन परत आले होते.

चष्म्याच्या दुकानामागची खोली. एका भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता – वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी – आणि समोरच्या भिंतीवर सिनेमाचा पडदा. सकाळी दहा ते एक. भुताखेतांचे सिनेमे आणि सकाळी दहा! दुकानाचे मालक साठीचे आहेत, अगदी हळू बोलतात, सगळे त्यांना नुसतं चष्मेवाले म्हणतात. ते म्हणाले, "रात्री ठेवलं होतं पूर्वी. पण आमच्यातल्या अर्ध्यांना एकटं घरी जायची भीती वाटायची." मला वाटलं गंमत करताहेत. नव्हते करत.

भयपट बघणारे हे चौघं आहेत. चष्मेवाले. ज्ञानकोश – टपाल कचेरीत कारकून, पण एकही भयपट सोडलेला नाही. कोणत्या सालचा, कोणी काढला, कुठल्या प्रसंगात मागे चुकून माइक दिसतो, सगळं तोंडपाठ. नर्सबाई – निवृत्त, चाळीस वर्षं बाळंतपणं केली, त्यामुळे पडद्यावर रक्त आलं की ही खदखदून हसते. "हे रक्त? हे सरबत आहे गं!" आणि बेकरीवाला – दार भरेल एवढा माणूस, पोटाशी उशी घट्ट धरून बघतो.

आज प्रत्येकाने आपला आवडता प्रसंग सांगायचा होता. बेकरीवाला सांगता सांगताच घामाघूम – लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबते, दार उघडतं, आणि समोर आणखी एक मजला! तिथे सगळे ओळखीचे शेजारी उभे. पण पाठमोरे. नर्सबाईचा आवडता म्हणजे बाहुलीला रोज एकेक दात येतो तो. मला राहवलं नाही. म्हटलं, "पण तिला आधी सुळे येतात, ते चूक आहे. आधी खालचे पुढचे दोन यायला हवेत."

मग असे हसले सगळे! ज्ञानकोशाने ते वहीत लिहून घेतलं.

"दातांच्या डॉक्टर का तुम्ही?"

"नाही. मी कवळ्या बनवते."

नर्सबाईने मला टाळी दिली. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला कोणीतरी टाळी दिली!

आईला सांगितलं, नंबर तपासायला गेले होते. तिला असले सिनेमे चालत नाहीत. अजूनही टीव्हीवर कोणी किंचाळलं की उठून बंद करते.

मंगळवार, ५ मार्च

लॅबमध्ये दिवसभर मेणात दात बसवत होते, आणि डोळ्यांसमोर ते पाठमोरे शेजारी. एक वरची कवळी दोनदा करावी लागली.

रविवार, १० मार्च

आजचा प्रश्न – आयुष्यात पहिल्यांदा कोणत्या सिनेमाने घाबरवलं?

मी सांगितला. इतक्या वर्षांत कोणाला सांगितलाच नव्हता! पाच-सहा वर्षांची असेन. नाव माहीत नाही. सुरुवात माहीत नाही, शेवटही नाही. एवढाच तुकडा –

हिरव्या भिंतीची खोली. दिवा लागलेला. एक बाई आरशासमोर केस विंचरतेय. मागून पुरुष येतो. तो आधी मनगटावरचं घड्याळ काढतो. फळीवर नीट ठेवतो, पट्टा खाली दुमडून. मग तिच्या गळ्यावर हात ठेवतो. बाई पाय झाडते. फणी पडते, पण आवाज येत नाही. मग ती खाली घसरते, दिसेनाशी होते. पुरुष थोडा वेळ तसाच उभा. घड्याळ परत बांधतो. आणि मग मान वर करून सरळ आपल्याकडे बघतो – म्हणजे बघणाऱ्याकडे! – आणि ओठांवर बोट ठेवतो.

बेकरीवाल्याने उशीत तोंड खुपसलं.

ज्ञानकोश उभाच राहिला. "घड्याळ आधी काढतो! अहो, काय डोकं आहे! आणि प्रेक्षकाला गप्प बसवणारा खुनी! हा कोणाचा आहे? मला कसा माहीत नाही हा?" त्याचा चेहरा असा, जणू कोणी त्याच्या घरातून काही उचलून नेलं.

"संवाद आहेत?"

"नाहीत. नुसती घरघर ऐकू येते सारखी."

"प्रोजेक्टरची घरघर! म्हणजे तुम्ही हा पडद्यावर पाहिलाय." महिनाभरात शोधून काढतो म्हणाला.

घरी येताना पिसासारखं हलकं वाटत होतं. आता कळतंय, मी हे सिनेमे का बघत आले. तो एक सापडेल म्हणून!

बुधवार, १३ मार्च

ज्ञानकोशाचे आज अकरा मेसेज. "हिरवी भिंत म्हणजे रंगीत. रंगीत म्हणजे मूकपट नव्हे. मग आवाज का नाही?" दुपारी – "पाच देशांतल्या लोकांना विचारलं. कोणालाच माहीत नाही!" संध्याकाळी – "मला झोप लागणार नाही, ताई."

गुरुवार, १४ मार्च

गुरुवार म्हणजे काका. बाबांचा धाकटा भाऊ. बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांची. तेव्हापासून, खरं तर त्याच्याही आधीपासून, हा गुरुवार कधी चुकलेला नाही. सायकल त्यानेच शिकवली. शाळेत पालकांना बोलावलं की हाच यायचा. लॅबमधली ही नोकरीही त्याच्याच ओळखीने. काकू त्याला सोडून गेली – मी लहान होते, एक दिवस कोणाला न सांगता निघून गेली म्हणतात – पण त्याने परत लग्न केलं नाही. "मला माझी चिमणी आहे की," म्हणायचा. चिमणी म्हणजे मी.

आज तो आला तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळत होता. सदुसष्टाव्या वर्षी ओट्याखाली आडवा होऊन दुरुस्त केला. मी खुशीत होते. बोलून गेले – "काका, आमचे लोक एक सिनेमा शोधताहेत," आणि सगळा सांगितला.

तो ओट्याखालून बाहेर आला. पाना हातात तसाच.

"असलं कशाला बघता? डोकी फिरतात."

"आता नाही रे, लहानपणी पाहिलेला."

"लहानपणीचं काय आठवतं माणसाला!"

चहा न घेता गेला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं! आईही ओट्याला टेकून उभी होती, दूध उतू गेलं तरी बघत नव्हती. मी रागावले. दोघांनाही सिनेमाचा इतका कसला विटाळ?

रविवार, १७ मार्च

सरळ लिहिते, नाहीतर लिहिताच येणार नाही.

ज्ञानकोश हरून आला होता. "असा सिनेमा नाही," म्हणाला, "किंवा तो पाहिलेली जगात एकच व्यक्ती आहे." नर्सबाई म्हणाली, मग पोरीने स्वप्न पाहिलं असेल. वाद सुरू झाला. मग चष्मेवाल्यांनी त्यांच्या त्या हळू आवाजात, जसं पेशंटला विचारतात तसं, एकेक विचारायला सुरुवात केली.

"माणसं समोरून दिसतात की वरून?"

"थोडी वरून."

"चेहरा मोठा, जवळून, असा एकदा तरी दिसतो?"

"नाही. सगळं दुरूनच."

"चित्र जागचं हलतं?"

"नाही."

"चित्राच्या मध्ये काही आहे? डाग, रेघ?"

मला एकदम आठवलं. "हो! मधोमध उभी काळी पट्टी. बाई पट्टीच्या डावीकडे, पुरुष उजवीकडून येतो, पट्टीमागे क्षणभर दिसत नाही, मग डावीकडे."

"दोन्ही बाजूंना पडदे?"

"हो, फुलाफुलांचे. तुम्ही पाहिलाय का?"

ते चष्मा काढून पुसत राहिले. ज्ञानकोशाची लेखणी थांबली. मीच एक वेडी, सगळ्यांच्या तोंडाकडे बघतेय!

निघताना चष्मेवाले जिन्यापर्यंत आले. "घरी गेलात की आईंना एवढंच विचारा – तेव्हा तुमच्याकडे टीव्ही होता का?"

विचारलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"टीव्ही? कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये? तू सहावीत गेलीस त्या वर्षी आला. बाबांनंतर."

"मग कोणाकडे बघायला जायचे मी? थिएटरात कधी नेलं होतं?"

"कोणाकडेच नव्हता तेव्हा. आणि थिएटरात तुला आठवीत नेलं पहिल्यांदा. का गं?"

मी म्हटलं, सहजच.

ती पट्टी खिडकीची होती. मधला गज. पडदे खिडकीचे. आई, ती खिडकी होती!

सोमवार, १८ मार्च

लॅबला गेले. प्लास्टर हातातच घट्ट झालं. बोटं सोडवायला मुकादमाला बोलवावं लागलं.

बुधवार, २० मार्च

रजा टाकून जुन्या क्वार्टर्स बघून आले. कारखाना केव्हाच बंद झालाय. दोन लांब इमारती समोरासमोर, मधे अरुंद गल्ली. आता तिथे कागदाचं गोदाम आहे. किल्ल्या सांभाळणाऱ्याला म्हटलं, मी इथे जन्मले, खोली बघायचीय. भला माणूस. "बघा की बाई, बघायला काय आहे त्यात."

दुसरा मजला. आमची खोली. रिमांचे गठ्ठे छतापर्यंत. खिडकीपर्यंत पोचायला आडवं व्हावं लागलं. मग गुडघ्यांवर बसले – सहा वर्षांची होईपर्यंत खाली वाकले – आणि पाहिलं.

समोर, एक मजला खाली, खिडकी. मधे उभा गज. आत रिकामी खोली, पांढरा रंग दिलेला. पण कोपऱ्यात ओल येऊन पापुद्रा सुटलाय.

खाली हिरवं आहे.

किल्लीवाला दारातून म्हणाला, "कारखाना चालू होता तेव्हा इथे बोललेलं ऐकू यायचं नाही म्हणतात. यंत्रांची घरघर चोवीस तास."

मी खिडकीच्या चौकटीला डोकं टेकलं. बिचाऱ्याने पाणी आणून दिलं.

ती काकाची खोली. ते आमच्या समोर राहायचे हे मला माहीतच होतं, सगळ्यांनाच माहीत आहे, आणि तरी मी कधी – किती वर्षं! – एका जागी दोन्ही गोष्टी ठेवूनच बघितल्या नाहीत. काकूचा चेहरा मला आठवत नाही. फोटो एकही नाही. बाई केस विंचरतेय, पाठमोरी, एवढंच.

पण तो माणूस काकाच कशावरून? दुसरा कोणी असेल. असेल ना? चेहरा आठवत नाही. आठवत नाही, आठवत नाही.

गुरुवार, २१ मार्च

तो आला. मी दार उघडलं. "काय चिमणे, तोंड का उतरलंय?" म्हणाला. डोक्यावर टपली मारली.

जेवायला बसायच्या आधी हात धुवायला गेला. जाताना मनगटावरचं घड्याळ काढलं. आमच्या फळीवर ठेवलं. पट्टा खाली दुमडून.

दर गुरुवारी ठेवतो! अडतीस वर्षं दर गुरुवारी ठेवतोय, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी त्या घड्याळाशेजारची मिठाची बरणी उचलत आलेय!

जेवले. कसं जेवले माहीत नाही. तो माझ्या ताटात वाढत होता. मी त्याचे हात बघत होते. याच हातांनी सायकलची सीट धरून तो माझ्यामागे धावला होता. "सोडणार नाही, सोडणार नाही," ओरडत. आणि सायकल कोणत्या वर्षी आली? त्याच वर्षी. बाहुली? त्याच वर्षी. तो गुरुवार सुरू झाला कधी? माझ्यावर माया म्हणून येत होता, की मी तोंड उघडतेय का ते बघायला? यातलं थोडं तरी खरं होतं का रे, काका?

निघताना दारात थांबला. घड्याळ बांधत विचारलं – "तो सिनेमा सापडला का?"

"नाही."

"सोडून दे मग. मोठी झालीस आता."

हसला. जिना उतरून गेला. मी दाराला कडी लावली, आणि मग खालची कडीही लावली.

शुक्रवार, २२ मार्च

आईला विचारलं. ती मटार सोलत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "काकू पळून गेली नव्हती. मी खिडकीतून पाहिलंय."

तिचा हात थांबला नाही. आणखी दोन शेंगा सोलल्या तिने. मग म्हणाली, "मला वाटलं, तू विसरलीस."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आई, त्याने तिला मारलं! आणि तू त्याला वाढतेस? दर गुरुवारी? गरम गरम?"

"हो."

हो! एवढंच! आवाजही चढला नाही. मी काय काय बोलले ते लिहिणार नाही. शेवटी म्हटलं, "माहेरी कोणी नव्हतं तिचं. कोण शोधणार! म्हणून जिरलं ना सगळं? मी पोलिसांकडे चाललेय."

तेव्हा मात्र उठली. मांडीवरचे मटार सगळे जमिनीवर. माझा दंड असा धरला की अजून दुखतोय. "सोमवारपर्यंत थांब. तुला माझी शपथ आहे. सोमवारपर्यंत कोणाला काही बोलू नकोस."

"का? त्याला सावध करायचंय?"

आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. फोन लावला. मी दाराला कान लावला – मी, माझ्या आईच्या दाराला! – "तिला सगळं कळलंय," म्हणत होती. "आता लपवण्यात अर्थ नाही. येणं भाग आहे."

पिशवीत दोन कपडे भरले आणि निघाले. नर्सबाईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता गादी घातली.

शनिवार, २३ मार्च

आईचा फोन नाही. नसू दे.

रविवार, २४ मार्च

आज पडदा लावलाच नाही कोणी. शपथ मोडली. सगळं सांगितलं.

बेकरीवाला रडला. एवढा मोठा माणूस, डोळे पुसायला ते पीठ लागलेले हात. ज्ञानकोशाने वही काढली, त्या सिनेमाची सहा पानं होती – शोध, तर्क, बाण काढलेले – फाडायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. "फाडू का? की पोलिसांना लागतील?" मग अगदी बारीक आवाजात – "ताई, मी 'काय डोकं आहे' म्हणालो होतो. वाहवा केली होती हो मी."

मी म्हटलं, तुम्ही शोधला नसता तर मला सापडलंच नसतं.

नर्सबाई रोखठोक. "प्रेत नाही, कागद नाही, साक्षीदार सहा वर्षांची. ते ऐकून घेतील, लिहूनही घेतील. पुढचं सांगता येत नाही. तू तयार राहा." चष्मेवाले म्हणाले, "उद्या अकरा वाजता. आत तुम्ही जा. आम्ही चौघं बाहेर बाकावर बसू."

अडतीस वर्षं मी त्याचं ऐकलं. ओठांवर बोट ठेवलं, आणि मी असं ऐकलं की स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

सोमवार, २५ मार्च

थोडंच लिहिते.

सकाळी कागदपत्रं घ्यायला घरी गेले. स्वयंपाकघरात एक बाई बसली होती. साठीची. केस आखूड कापलेले. पायाशी प्रवासाची बॅग. चहात बिस्कीट बुडवत होती.

आई म्हणाली, "मी तुझ्या मागेच उभी होते तेव्हा, अंधारात. त्याला दिसले नाही. तो बाहेर पडला तशी मागच्या जिन्याने गेले. श्वास चालू होता हिचा. तो परत यायच्या आत पाठीवर घेऊन उतरवली, पहाटेच्या गाडीत बसवली. तुझ्या बाबांनाही सांगितलं नाही, भाऊ होता त्यांचा. हिने शब्द घेतला होता. ही हो म्हणाल्याशिवाय मला तोंड उघडता येत नव्हतं."

"आणि गुरुवार?"

"तो हिला शोधत होता, वेडे. कुठे कुठे शोधतोय ते कळायला मला तो समोर बसलेला हवा होता."

बाई उठली. आवाज फाटलेला, घशात काहीतरी कायमचं मोडल्यासारखा. माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "चल, कुठे जायचंय ते. मेलेली मीच आहे ना? मग जबाबही मीच देणार."